पित्ताशय गेलं, म्हावरं राहून गेलं

आमच्या पाड्यात कुणाच्या पित्ताशयात खडे निघाले की त्याला आधी माझ्याकडे धाडतात. "कमळवयनीला इचारा, तिची पिशवी काढलेली हाय." जसं काही पिशवी काढणं म्हणजे मॅट्रिक पास होणं! मी त्यांना बसवते, पाणी देते. ताक कसं घ्यायचं, काय टाळायचं, टाके ओढतात तेव्हा दात कसे आवळायचे, सगळं सांगते. माणसं हलकी होऊन जातात. पण माझ्या सासूच्या हातचा एक घास मी किती काळ नाकारत राहिले, ते मी कुणाला सांगत नाही. आणि ते सांगितल्याशिवाय माझ्या आजाराची हकीकत पुरी होत नाही. म्हणून लिहायला बसले.

साठ सालानंतरची ही गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं. आमचे हे होडीवरून उतरून तिथे कामाला लागले होते. बोईसरला हिंदी बोलणारी माणसं दिसू लागली होती, आणि माझी सासू त्यांना सुकट विकताना "लेव, लेव, एकदम अच्छा हाय" म्हणायची.

सासूला सगळा पाडा मोठी आय म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. हाडापेराने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. बांबूच्या वलांडीवर आम्ही बोंबील वाळत घालायचो, तर वाळलेला बोंबील ती मोडून जिभेवर ठेवायची आणि सांगायची, "हा पावसाला काढंल," किंवा "हा नाय टिकायचा, आदी इका." तिचा अंदाज चुकत नसे. बोईसर-पालघरच्या बायका तिच्या जिभेवर भरवसा ठेवून वर्षाची बेगमी करायच्या. माझं माहेर वाणगावचं. मी सातवी शिकलेली, म्हणून तिने माझं नाव 'मास्तरीण' ठेवलं होतं, आणि मला राग यावा म्हणून चारचौघांत तेच म्हणायची.

पित्त झालंय, दुसरं काय

दुखणं सुरू झालं तेव्हा त्याला नाव नव्हतं. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली आवळून यायचं. कळ पाठीतून खांद्यापर्यंत जायची, मळमळायचं, उलटी झाली की जरा बरं वाटायचं. घरात सगळ्यांचं एकच उत्तर, पित्त झालंय. आलं-लिंबू घे. ओवा चाव. खायचा सोडा घे. मोठ्या आयने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, आणि ठसका आला नाही म्हणून सगळ्यांना पटलं की दृष्टच लागली होती. मीही मान डोलावली. दुखतं तेव्हा माणूस काहीही मानतं.

आज वाटतं, तेव्हाच डॉक्टर गाठायला हवा होता. पण नालासोपाऱ्याच्या पलीकडे जग आहे हे ज्या घरात फक्त लग्नाच्या आमंत्रणातून कळायचं, त्या घरात पोटदुखीसाठी कोण गाडीत बसतं?

मग एके दिवशी बोईसरच्या बाजारात, भर दुपारी, कळ आली. आम्ही दोघी सुकट घेऊन बसलो होतो. मी शेजारच्या गाडीवरची गरम भजी खाल्ली होती. थोड्या वेळाने अशी कळ आली की मी समोरच्या जवळ्याच्या ढिगावर आडवी झाले. गिऱ्हाइकं बाजूला सरकली. मोठी आय उठली, मला काखेत धरलं आणि पाटी तिथेच उघडी टाकून निघाली. मासळी उघडी टाकून उठलेली मोठी आय मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. तेव्हाच मला कळलं की हे काहीतरी मोठं आहे.

पालघरच्या डॉक्टरांनी डोळे ओढून पाहिले, पोट दाबलं, आणि मी ओरडल्यावर हात काढून घेतला. "पित्ताशयात खडे असणार. मुंबईला जाऊन फोटो काढा. उशीर करू नका."

मोठी आय एकदम घुश्शात आली. "खडे? डॉक्टर, मी सोता तांदूल निवडते. माज्या घरात भातात खडा नाय गावायचा."

डॉक्टर हसले. त्यांनी समजावून सांगितलं की हे खडे भातातले नाहीत, पोटातच तयार होतात. तिला ते पटलं नाही. पुढे कितीतरी दिवस ती तांदूळ दोनदा निवडायची, आणि मध्येच हात थांबवून माझ्याकडे बघायची.

मुंबईला

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात आदल्या दिवशी गोळ्या गिळायला दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पोटाचा फोटो काढला. मग चक्क लोणी लावलेला पाव आणि अंडी खायला घातली आणि पुन्हा फोटो काढला. मला वाटलं, किती चांगली माणसं, उपाशी पोटाची दया आली. कसली दया! पिशवी आकसते की नाही ते बघायचं होतं त्यांना. त्या लोण्याने जी कळ उठली, ती आठवली की अजून अंगावर काटा येतो. डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला, आणि माझ्या पोटात करवंदाएवढे ठिपके दिसले.

"पिशवीच काढावी लागेल," ते म्हणाले.

"मग पित्त राहणार कुठे?" मी विचारलं.

"ते सरळ आतड्यात येत राहील. पिशवीशिवाय माणसं जगतात. काही दिवस जेवणाचं सांभाळायचं, बस."

ते 'बस' त्यांनी अगदी सहज म्हटलं. आमच्या ह्यांनी कागदावर सही केली, आणि मग बाकावर बसून टोपीची घडी घालत आणि मोडत राहिले. मला रडू येत होतं, पण त्यांच्याकडे बघून मी ते गिळलं. आमची शालू तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. मी मेले तर तिची वेणी कोण घालणार, एवढाच विचार डोक्यात होता. मोठ्या आयला वेणी घालता येत नव्हती. ती केस मागे ओढून दोरखंडासारखी गाठ मारायची.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा नाकात नळी, पोटातून दुसरी नळी, ती खाली बाटलीत सोडलेली, आणि तहान अशी की समोर खाडी असती तरी प्याले असते. ओठांना फक्त ओला कापूस लावायचे. पहाटे तापमान, मग अंग पुसणं, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. ते येण्याआधी चादरीची सुरकुती न् सुरकुती ताणली जायची, आम्ही आत कशाही असलो तरी. खोकला आला की जीव जायचा. आमच्या वॉर्डातल्या आयाबाईने एक उशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खोकताना ही पोटाशी घट्ट धर. हसताना पण. आणि शेजारणीच्या गोष्टी ऐकू नको, ती हसवते." ती उशी मी घरी जाईपर्यंत सोडली नाही.

मोठी आय भेटायला आली ती टाके ओढून झाल्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मुंबई पाहिली तिने, आणि पाहिली म्हणजे काय, स्टेशनपासून वॉर्डापर्यंत खाली मान घालून आली. माझ्या पायाशी बसली. तिला नेहमीचा मासळीचा वास नव्हता. अंगाला घासून घासून साबण लावून आली होती, वॉर्डात कुणी नाक मुरडू नये म्हणून. डॉक्टरांनी माझे खडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून दिले होते. ते मी तिला दाखवले. तिने बाटली हलवून पाहिली.

"समिंदरावर वालू कमी व्हती का गो, म्हनून पोटात साठवलीस?"

मी उशी पोटाशी धरून हसले. मग तिचा चेहरा बदलला. तिने माझ्या पायावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरी व्हऊन घरी ये. माज्या हातानं म्हावरं भरवीन तुला."

आमच्याकडे मासळीला म्हावरं म्हणतात. मी "हो आय" म्हटलं. सासू सुनेला असं म्हणतेच, असं मला वाटलं. त्यात आणखी काही असेल हे मनातसुद्धा आलं नाही.

हळदीचं जेवण

घरी आले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेल, तूप, नारळ, तळलेलं काही दिवस बंद. आमच्या घरात नारळाशिवाय कालवण म्हणजे पाणी! पण मोठ्या आयने ऐकलं. ती मला पेज द्यायची, मुगाचं कढण द्यायची, आणि मासळीची टोपली दारातून आत येताना माझ्याकडे पाठ करून न्यायची.

काही महिन्यांनी मला हुशारी वाटायला लागली. टाके भरून आले, गालावर रंग आला. त्यातच शेजारच्या पाड्यात हळद होती. मंडपात तळलेल्या मांदेलीचा वास सुटलेला, नारळाचं दाट कालवण, वडे. मी पंगतीत बसले आणि जेवले. पोटभर जेवले. जिभेला हाड नसतं म्हणतात, त्या दिवशी माझ्या जिभेला अक्कलही नव्हती.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण ज्यांची पिशवी काढली आहे त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं, कारण डॉक्टर सांगत नाहीत. अंगाला तेल सोसलं नाही की पोट थांबत नाही. कळ येते आणि दुसऱ्याच क्षणी उठावं लागतं. आमच्याकडे तेव्हा संडास नव्हते. बायका पहाटे खाडीच्या काठच्या झुडपांत जायच्या. भर दिवसा, हळदीच्या मंडपातून, नव्या लुगड्यात मी उठले आणि मंडपाबाहेर पोचायच्या आधीच सगळं झालं. बायका बघत होत्या. वाजंत्रीवाले बघत होते.

मोठी आय कुठून धावत आली कोण जाणे. तिने अंगावरची फडकी ओढून काढली, माझ्या कमरेभोवती गुंडाळली आणि मोठ्याने म्हणाली, "चल गो मास्तरीन, तुला चक्कर आली ना? ऊन लागलं तुला." मला धरून घरी आणलं, पाणी तापवलं, लुगडं स्वतः धुतलं. पुढे पाड्यात कुणी विषय काढला की "पोरीला ऊन लागलं व्हतं" म्हणून ती त्याचं तोंड बंद करायची.

पण माझ्या मनात भीती बसली ती बसलीच. मासा आणि ती लाज, दोन्ही एकाच गाठीत बांधली गेली.

पोटाला विचारून

त्यानंतर ह्यांनी मला पालघरच्या एका वैद्यबुवांकडे नेलं. वयस्कर गृहस्थ, सावकाश बोलणारे. त्यांनी नाडी पाहिली, व्रण पाहिला, डॉक्टरांचा कागद नीट वाचला आणि म्हणाले, "डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलंय. आता राहिलंय ते तुमच्या अग्नीचं. आधी पित्त साठवून ठेवून जेवणाच्या वेळी सोडणारी कोठी होती. आता कोठी नाही, म्हणून एकदम फार आत टाकायचं नाही."

त्यांनी सांगितलं ते मी अजून सगळ्यांना सांगते. एका वेळी थोडं जेवायचं, पण वेळेवर. भूक नसेल तर नाही. दुपारी पातळ ताक, त्यात भाजलेलं जिरं आणि चिमूटभर सुंठ. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, पडवळ. नारळाशिवाय आमसुलाचं सार. जेवणावर कोमट पाणी, थंड नाही. जेवल्यावर अंगणात शतपावली, मग थोडा वेळ डाव्या कुशीवर लवंडायचं, पण झोपायचं नाही. रात्रीचं जेवण दिवे लागायच्या आत. कढवलेलं साजूक तूप पुढे, थेंबाने सुरू करायचं. "आणि मुख्य म्हणजे," ते म्हणाले, "पोटाला विचारून जेवा."

घरी येऊन मी हे सांगितलं तर मोठी आय म्हणाली, "पोटाला इचारायला पोट काय मानूस हाय? बोलतं का ते?"

"माझं बोलतं," मी म्हणाले. "हळदीत किती मोठ्यानं बोललं, ऐकलंत ना?"

ती खो खो हसली. त्या घरात आम्ही दोघी मिळून मनापासून हसलो, ती बहुधा शेवटचीच वेळ.

त्या पथ्याने मला खरंच गुण आला. पोट बसलं. सकाळी उठून धावावं लागेना. ताकाचा तो भाजक्या जिऱ्याचा वास आला की मला अजून सुरक्षित वाटतं. पण पथ्यामुळे माझं ताट वेगळं झालं. माझी जेवायची वेळ वेगळी, चूल वेगळ्या वेळी पेटायची, मी आधी जेवून उठायची. मग पुरुष, मग शालू, आणि सगळ्यांच्या शेवटी मोठी आय. ती काय जेवते हे बघायला मी तिथे नसायचेच. अंगणात शतपावली करत असायचे.

एक-दोनदा दिसलं. ती भाकरी मीठ-मिरचीशी खात होती. समोर कालवणाचं भांडं होतं, त्यात मासा होता. मी विचारलं तर म्हणाली, "दात हलतान. काटं लागतान." वलांडीवरचा बोंबीलही ती आता स्वतः तोंडात घालत नसे. माझी नणंद जनी शेजारीच राहायची. तिला हाक मारायची, "जने, मीठ बग गो जरा." मी मनात म्हटलं, म्हातारी झाली, जिभेची चव गेली. बाजारातल्या बायकाही कुजबुजायला लागल्या की मोठी आय आता चाखून देत नाही.

सरंगा

वर्ष उलटून गेल्यावर वैद्यबुवांनी मला पुन्हा तपासलं. खूश झाले. "आता मासा सुरू करा. ताजा, पांढरा, उकडलेला. तेल नको, नारळ नको. आधी एक तुकडा. सोसला की दुसऱ्या दिवशी दोन."

"नको," मी म्हणाले.

"का?"

"भीती वाटते."

वैद्यबुवा म्हणाले, "दुधानं तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून पिता आहात. पण बाई, पथ्य हे वल्ह्यासारखं. काठाला लागलं की खाली ठेवायचं. ते खांद्यावर घेऊन कोणी घरी जात नाही."

आमचे हे बरोबर होते. त्यांनी घरी आल्या आल्या आईला सांगितलं, "कमळला मासा चालेल म्हणतात वैद्य." मोठी आय वलांडीपाशी होती. हातातले बोंबील तसेच टाकून ती उठली आणि जनीच्या घरी गेली. जनीच्या नवऱ्याची होडी नुकती लागली होती. येताना तिच्या पदरात सरंगा होता. तुम्ही ज्याला पापलेट म्हणता ना, तो. ताजा, डोळे चकाकणारे. तो बाजारात न धाडता तिने माझ्यासाठी आणला.

पाण्यात हळद, मीठ, आमसूल, आल्याचा एवढासा तुकडा. बाकी काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने नारळाशिवाय मासा शिजवला असेल. ताट घेऊन माझ्यासमोर बसली, काटे काढले, चिमटीत तुकडा धरला आणि माझ्या तोंडापाशी आणला. "आं कर."

मला वास आला आणि मंडप आठवला. मी तोंड फिरवलं.

"एवडासाच. तुज्या नखाएवडा."

"नको आय."

"वैदानं सांगलंय ना? मंग? खा गो. मी भरवते ना."

"नको म्हटलं ना!"

"कमळे, माज्यासाठी खा."

माझ्यासाठी. हे ती म्हणाली होती. मला स्पष्ट आठवतं. पण तेव्हा मला त्यात फक्त हट्ट ऐकू आला. वाटलं, हिला सून परत बाजारात बसायला हवी, पाट्या उचलायला हवी, म्हणून घाई चालली आहे. मी ताट ढकललं आणि म्हणाले, "तुम्हाला माझा जीव घ्यायचाय का?"

तिचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने तो तुकडा ताटात ठेवला, ताट उचललं आणि आत गेली. ती उलट बोलली असती, तिच्या नेहमीच्या आवाजात चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

त्यानंतर तिने कधी आग्रह केला नाही. पण घरात ताजा पांढरा मासा शिजला की माझ्या जागेपाशी एक झाकलेली वाटी असायची. मी उघडायची नाही. संध्याकाळी ती शालूला हाक मारून वाटी तिला द्यायची. दिवसांमागून दिवस हे असं चाललं. मला त्या वाटीचा राग यायचा. ती वाटी मला टोमण्यासारखी वाटायची. आमचे हे एकदा म्हणाले, "एक घास खाल्लास तर काय होईल?" तर मी त्यांच्याशीही भांडले. म्हटलं, "तुमचं पोट फाडलेलं नाही."

जनी बोलली

पावसाळा संपून वलांड्या पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हाची गोष्ट. सकाळी मोठी आय बोंबील टाकता टाकता खाली बसली. बसली ती उठेना. तोंड एका बाजूला गेलं, उजवा हात लुळा पडला. बोईसरहून डॉक्टर आले. रक्तदाब वाढून अर्धांग झालंय, म्हणाले. वाचा गेली होती. घास गिळवत नव्हता. "फक्त पातळ पेज, तीही चमच्याने, बसवून," त्यांनी बजावलं.

आता मी तिची पेज करायला लागले. तीच पेज, तेच जिरं, तीच सुंठ. जे तिने माझ्यासाठी केलं ते मी तिच्यासाठी करत होते, आणि खरं सांगते, मन लावून करत होते. ती माझ्याकडे बघत राहायची. नजर शाबूत होती. ती नजर माझ्या तोंडावर, माझ्या ताटावर फिरायची. मला वाटायचं, भूक असेल.

दिवसेंदिवस ती खंगत चालली. एका दुपारी जनी माझ्याजवळ येऊन बसली. उगाच पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "वयनी, एक बोलायचा हाय. बोलू नये, पन आता आय अशी पडलेय तं बोलते. आयचा नवस राहिलाय."

"कसला नवस?"

"तुला मुंबईला नेलं ना, त्या दिशी आमी दोघी गावदेवीला गेलू व्हतू. आय बोलली, माजी सून वाचूं दे, बरी व्हऊन माज्या हातचं म्हावरं खाऊं दे. तवर मी म्हावरं तोंडात घालनार नाय."

मला काही कळेचना. "म्हणजे... तेव्हापासून?"

"तवापासून. सुकट पन नाय. जवला पन नाय."

"दात हलतात म्हणायच्या त्या!"

"दात कुटं हलतान? सुपारी फोडायची ती."

"मग मला सांगितलं का नाही, जने? कुणीच का नाही सांगितलं?"

"नवस फिटंपरेंत बोलायचा नसतो, वयनी. तुला सांगून तू खाल्लास तं तो काय नवस फिटला? तू सोताच्या खुशीन खायला पायजे. हलदीत तू जेवलीस तवा मी बोललू, आय, खाल्लं बग तिनं. तं मलाच वरडली. बोलली, त्या खान्यान पोरीचं हाल झालं, तो कसला फिटतो? आनि माज्या हातचं कुटं खाल्लं तिनं?"

मांगेल्याच्या, म्हणजे आम्हा मासेमारांच्या घरातली बाई, जिचं सगळं आयुष्य मासळीत गेलं, जिच्या जिभेवर बाजार चालायचा, ती भाकरी मिठाशी खात होती. आणि मी तिला विचारलं होतं, माझा जीव घ्यायचाय का. मी रडले नाही. मला स्वतःची एवढी चीड आली की रडायलाच आलं नाही.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं, मासे न खाल्ल्याने हे झालं का. ते नाही म्हणाले, अगदी ठामपणे म्हणाले. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण दुखणं कशाने आलं हा माझा प्रश्नच नव्हता. त्या वाट्या मी उघडल्या नाहीत, त्याला डॉक्टर काय करणार?

मी जनीला म्हटलं, "सरंगा आण."

तिच्यासारखाच शिजवला. हळद, मीठ, आमसूल, आलं. मोठ्या आयला भिंतीशी टेकवून बसवलं आणि ताट तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ताटाकडे पाहिलं, मग जनीकडे, मग माझ्याकडे. जनीने मला सांगितलं, हे तिला कळलं. मी तिचा लुळा उजवा हात उचलला. बोटं मिटत नव्हती, ती माझ्या बोटांनी मिटवली, त्यांत माशाचा तुकडा धरवला आणि तिचा हात माझ्या तोंडापाशी नेला.

खाल्ला. चावून चावून खाल्ला, आणि तोंड उघडून दाखवलं, शालूला औषध दिल्यावर ती दाखवायची तसं. मोठ्या आयच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आय, फिटला," जनी म्हणाली. "आता तू खा."

खायचं कसं? घास तर गिळवत नव्हता. मी कालवणाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि तिच्या जिभेला लावलं. ती थांबली. जीभ टाळूला लावायचा प्रयत्न केला, जशी वाळलेला बोंबील चाखताना लावायची. पुन्हा केला. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर उतरलं. मी पुसलं, पुन्हा बोट लावलं. तिने डोळे मिटून घेतले, उघडले, आणि माझ्याकडे प्रश्नासारखं पाहिलं. तिला काही लागतच नव्हतं. जी जीभ तिने माझ्यासाठी वर्षाहून जास्त रिकामी ठेवली होती, तिची चवच आता उरली नव्हती.

"मीठ बरोबर हाय, आय," मी म्हणाले. "चांगला झालाय."

तिने हूं केलं. मग चांगल्या, डाव्या हाताने तिने ताट हळूहळू माझ्याकडे सरकवलं. जनी म्हणाली, "तुला खायला सांगते."

मी तिच्यासमोर बसून तो सगळा सरंगा खाल्ला. ती शेवटच्या घासापर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होती. दुपार गेली, संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला. माझं पोट दुखलं नाही. काहीसुद्धा झालं नाही.